डोंगरातील मुक्काम: पहिल्या काही तासांची तयारी

बंगळुरू शहरातील जयनगरसारख्या वसाहतींतून सुट्टीत कोडगू, चिक्कमगळूरु आणि केरळमधील वायनाड येथील मळ्यांतल्या घरांत मुक्कामाला जाणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. ही घरे बहुधा मुख्य रस्त्यापासून आत, उतारावर किंवा ओढ्याकाठी असतात. पर्यटकांना हवा असलेला हा एकांतच संकटकाळी अडचणीचा ठरतो.

३० जुलै २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर वायनाडमधील मुंडक्कई व चूरलमला परिसरात दरडी कोसळल्या. पूल वाहून गेल्याने मुंडक्कईचा संपर्क तुटला आणि गावकऱ्यांबरोबर पर्यटकही अडकले. बंगळुरूतच केंद्र असलेल्या लष्कराच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपने तेथे १९० फुटी बेली पूल उभारला. तो १ ऑगस्टच्या सायंकाळी पूर्ण झाला. मदत तत्पर असली, तरी पहिले काही तास स्वतःच्या तयारीवरच काढावे लागतात, हे या घटनेने दाखवून दिले.

ही तयारी घरूनच सुरू होते. निघण्यापूर्वी हवामान विभागाचा जिल्हावार इशारा पाहावा. लाल इशारा असल्यास प्रवास पुढे ढकलावा. मुक्कामाचा पत्ता, यजमानांचा दूरध्वनी क्रमांक आणि परतीची वेळ घरी राहणाऱ्या नातेवाइकांना लेखी द्यावी. विजेरी, नेहमीची औषधे, पिण्याचे पाणी, कोरडे खाद्यपदार्थ आणि भारित पॉवर बँक एकाच पिशवीत ठेवावी.

मुक्कामी पोहोचताच बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग आणि जवळचे रुग्णालय यांची यजमानांकडे चौकशी करावी. डोंगर कापून काढलेल्या कड्याखालची खोली पावसाळ्यात टाळावी. जमिनीला नव्या भेगा पडणे, झाडे वा खांब कलणे, ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा आटणे, ही दरड कोसळण्याची पूर्वचिन्हे आहेत. ती दिसताच सामानात न गुंतता घर सोडावे. प्रवाहाच्या दिशेने खाली न धावता बाजूच्या उंच, स्थिर जागी जावे.

थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवणेही तितकेच घातक आहे. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग वा वास नसल्याने झोपेतच मृत्यू ओढवू शकतो.

संकटात ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा. तो न झाल्यास, ठरल्या वेळी न परतलेल्यांचा ठावठिकाणा घरची मंडळी प्रशासनाला कळवू शकतात. लिहून ठेवलेला पत्ता अशा वेळी मोलाचा ठरतो.