मुतखडा काढणारा हात कसा तयार होतो?

मे महिना आला की चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील दवाखान्यांत एक तक्रार हमखास वाढते. कमरेच्या एका बाजूला मागून कळ निघते, ती पुढे जांघेकडे उतरते. रोग्याला बसवत नाही, झोपवत नाही. मळमळते, उलटी होते, कधी लघवी लालसर येते. हा मुतखड्याचा शूळ होय. ज्याने तो एकदा सोसला आहे, त्याला त्याचे वर्णन करून सांगावे लागत नाही.

आपल्याकडे याचे एक मोठे कारण हवामानात आहे. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपलीकडे जातो, काही वर्षी तर ४७ अंशही ओलांडतो. याच दिवसांत तेंदूपत्त्याची तोडणी चालते, उघड्या कोळसा खाणी आणि वीटभट्ट्याही चालूच असतात. घामावाटे पाणी निघून जाते, लघवी घट्ट होते आणि तिच्यातील क्षार विरघळून राहत नाहीत. पाकात साखर जास्त झाली की तळाशी जसे खडे धरतात, तसाच हा प्रकार. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, काही युरिक आम्लाचे, तर काही लघवीतील जंतुसंसर्गामुळे होणारे. शेतात व जंगलात राबणाऱ्या अनेक बाया आडोसा नसल्यामुळे दिवसभर पाणी पिण्याचेच टाळतात. त्यांना तर हा धोका अधिक.

प्रत्येक खडा काढावा लागतो का?

नाही. मूत्रवाहिनीत उतरलेला ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडा बहुतेक वेळा आपोआप पडून जातो. त्याला वेदनाशामक औषध, पुरेसे पाणी आणि थोडा धीर एवढेच लागते. मात्र तो पडला की नाही, हे सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करून पाहावे. कळ थांबली म्हणजे खडा गेला, असे मुळीच नाही. अडकलेला खडा कधीकधी दुखायचा थांबतो आणि वर मूत्रपिंड मुकाट्याने सुजत राहते. अशा रीतीने मूत्रपिंड निकामी होईपर्यंत रोग्याला पत्ता लागत नाही.

१० मिलिमीटरहून मोठा खडा सहसा आपोआप पडत नाही. तो काढण्यासाठी पूर्वी कमरेवर लांब छेद घ्यावा लागे. गेल्या पन्नास वर्षांत हे चित्र पालटले. १९७६ साली स्वीडनमध्ये पाठीतून लहानशा छिद्रावाटे खडा काढण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. १९८० साली जर्मनीतील म्युनिक येथे शरीराबाहेरून धक्कालहरी सोडून रुग्णाच्या मूत्रपिंडातील खडा प्रथमच फोडण्यात आला. पुढे लघवीच्या मार्गाने बारीक दुर्बीण घालून लेझरने खड्याची भुकटी करणे शक्य झाले. आज मूत्रपिंडातील २ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या खड्यासाठी पाठीतील छिद्राची पद्धत आणि मूत्रवाहिनीतील खड्यासाठी दुर्बीण, असा साधारण शिरस्ता आहे.

छेद लहान, कौशल्य मोठे

छेद लहान झाला म्हणजे काम सोपे झाले, असे रोग्याला वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. पोट उघडल्यावर शल्यविशारदाला अवयव दिसतो, हाताला लागतो. दुर्बिणीच्या कामात नजर पडद्यावर असते आणि हात दुसरीकडे. पाठीतून सुई घालताना क्ष-किरणाच्या सपाट चित्रावरून खोली ओळखावी लागते. सुई थोडी चुकली तर रक्तस्राव होतो, फार वर गेली तर छातीच्या पोकळीला इजा होऊ शकते. मूत्रवाहिनी तर काही मिलिमीटर रुंदीची. तिच्यात जोर लावला की ती फाटते.

मग नवा डॉक्टर हे शिकतो कुठे? पूर्वापार रीत अशी की गुरूंचे काम पाहायचे आणि मग त्यांच्या देखरेखीखाली रुग्णावर करायचे. आता त्याआधी एक पायरी आली आहे, ती कृत्रिम सरावाची. सिलिकॉनचे मूत्रपिंड, रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून छापलेले हुबेहूब प्रतिरूप, कोंबडीच्या धडात बसवलेले डुकराचे मूत्रपिंड, तसेच विमानचालकांच्या सरावयंत्रासारखी संगणकावर चालणारी यंत्रे यासाठी वापरतात. येथे सुई शंभर वेळा चुकली तरी कोणाचे रक्त सांडत नाही.

आपल्या देशाला ही कल्पना नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय याच विषयावर आहे. कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांच्यावर छेद घेण्याचा, मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर वेध घेण्याचा, किडीने पोखरलेल्या लाकडात सळई फिरवण्याचा सराव शिष्याकडून करून घ्यावा, असे तेथे सांगितले आहे. बस्तीची नळी घालण्यासाठी पाण्याने भरलेल्या घड्याचे छिद्र आणि भोपळ्याचे तोंडही सुचवले आहे. शास्त्रे कितीही पाठ असली तरी हाताला सराव नसेल तर तो शिष्य कामाला अयोग्य, हे त्यामागचे तत्त्व. मुतखड्याची शस्त्रक्रिया वर्णन करणाऱ्या ग्रंथातच हे लिहिलेले असावे, हे विशेष.

अशा सरावाचा रोग्याला खरोखर उपयोग होतो का, याचीही तपासणी झाली आहे. शेजारच्या गुजरातेत नडियाद येथे १९७८ साली स्थापन झालेले मुळजीभाई पटेल मूत्रविकार रुग्णालय आहे. पाठीतून सुई घालण्याच्या सरावयंत्राची पारख करणारे अभ्यास तेथील डॉक्टरांनी २०१० साली प्रसिद्ध केले. २०२२ साली एक आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ६५ शिकाऊ डॉक्टरांचे दोन गट केले होते. एका गटाने आधी कृत्रिम सराव केला, दुसरा नेहमीच्या पद्धतीने शिकला. किती शस्त्रक्रियांनंतर हात तयार झाला, यात दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. मात्र आधी सराव केलेल्यांच्या हातून गुंतागुंत आणि मूत्रवाहिनीला होणाऱ्या इजा कमी झाल्या. रोग्याच्या दृष्टीने हीच बाब महत्त्वाची.

आपल्या भागाला याचे काय?

वाचक म्हणतील, हे सारे मोठ्या शहरांतले. तसे नाही. शहरातला रोगी तक्रार राहिली तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊ शकतो. भामरागड, एटापल्ली किंवा सिरोंच्याकडचा माणूस बस बदलत चंद्रपूर-नागपूर गाठतो. त्याची आणि सोबत्याची मजुरी बुडते. म्हणून तो आधीच उशिरा येतो, तोवर खडा मोठा झालेला असतो, आणि पुन्हा येणे त्याला परवडत नाही. अशा माणसाचे काम पहिल्याच खेपेस नीट व्हायला हवे. तयार हाताची गरज सर्वांत जास्त कोणाला असेल तर त्याला.

चंद्रपूरला २०१५ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, गडचिरोलीला २०२४ साली. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी कौशल्य प्रयोगशाळा आवश्यक ठरली आहे. तेथे मुतखड्याची मोठी शस्त्रक्रिया शिकवत नाहीत, परंतु पुतळ्यावर लघवीची नळी घालण्यासारखी कामे शिकवता येतात. अडलेल्या लघवीचा रोगी रात्री तालुक्याच्या दवाखान्यात आला तर हेच कौशल्य कामाला येते. अशी खोली असणे वेगळे आणि तिचे कुलूप रोज उघडणे वेगळे. पालकांनी, पत्रकारांनी, लोकप्रतिनिधींनी याची चौकशी जरूर करावी.

शस्त्रक्रिया ठरली तर डॉक्टरांना न संकोचता विचारा: खडा किती मोठा आणि नेमका कोठे आहे? थांबून पाहता येईल का? ही पद्धत का निवडली? आपण अशा शस्त्रक्रिया नेहमी करता का? खड्याचा तुकडा उरला तर पुढे काय? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राला शिधापत्रिका दाखवून आधी चौकशी करावी.

आत ठेवलेली नळी विसरू नका

शस्त्रक्रियेनंतर पुष्कळदा मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक मऊ नळी ठेवतात. तिला डीजे स्टेंट म्हणतात. ती सहसा काही आठवड्यांतच काढायची असते. बाहेरून ती दिसत नाही आणि बरे वाटू लागले की रोगी तिला विसरतो. मग तिच्यावरच खडे धरतात, जंतुसंसर्ग होतो आणि मूत्रपिंडही गमवावे लागू शकते. घरी परतण्यापूर्वी नळी ठेवली आहे का, हे विचारा. काढण्याची तारीख कागदावर लिहून घ्या आणि तो कागद शिधापत्रिकेसोबत ठेवा. आशाताईंनाही ती तारीख सांगून ठेवा.

थांबू नये अशी लक्षणे

कळेसोबत थंडी वाजून ताप येणे, लघवी पूर्ण बंद होणे, उलट्यांमुळे पाणीही न टिकणे, एकच मूत्रपिंड असताना किंवा गरोदरपणात कळ येणे. अशा वेळी काढे करीत बसू नये. अडलेल्या मूत्रपिंडात पू झाला तर काही तासांत जिवाला धोका होतो.

आणि शेवटी पाणी

एकदा खडा झालेल्यांनी इतके पाणी प्यावे की दिवसाला किमान दोन लिटर लघवी होईल. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील पाच वर्षांच्या अभ्यासात असे पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, न पिणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना. आपल्या उन्हात यासाठी तीन-चार लिटर पाणी लागते. मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. लघवी फिकट दिसली की पाणी पुरेसे आहे असे समजावे. गावचे पाणी जड आहे म्हणून कमी पिणे हा उलटा उपाय होय. लिंबूपाणी चांगले, पण त्यात मीठ घालू नये. मीठ आणि मांसाहार बेताचा ठेवावा. दूध-दही बंद करू नये, जेवणातील कॅल्शियम फार कमी केल्यास खडे उलट वाढतात. बिअरने किंवा मोहाच्या दारूने खडा पडतो ही समजूत खोटी आहे. दारूने शरीर कोरडेच पडते.

शल्यविशारदाचा हात तयार करणे हे महाविद्यालयांचे काम. त्या हाताची गरजच पडू नये म्हणून उद्या रानात निघताना पाण्याची बाटली मोठी घ्या, आणि सोबतच्या बायांना आडोसा मिळेल हेही पाहा.