ट्रेलरचे पाय अडले तर…

राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ नागपुरात एकमेकांना छेदतात. इथे थांबताना घोड्यापासून (ओढणाऱ्या ट्रकपासून) सुटलेला ट्रेलर पुढच्या दोन पायांवर उभा राहतो. मालवाहू ट्रेलरचे पाय बहुधा हँडलने फिरतात, कॅम्परचे (राहण्याच्या ट्रेलरचे) १२ व्होल्टच्या मोटरवर.

■ आधी चाकांना ठोकळे लावा.
■ मोटर गप्प : बॅटरी (पूर्ण चार्ज असताना सुमारे १२.६ व्होल्ट), फ्यूज, अर्थिंगची तार आणि स्विच तपासा.
■ मोटर फिरते, पाय हलत नाहीत : पिन तुटली किंवा गिअर झिजला असावा.
■ एकच पाय हलतो : दोन्ही पायांना जोडणारा दांडा व त्याचे बोल्ट पाहा.
■ मे महिन्यात डांबर मऊ पडते. पायांखाली जाड फळी ठेवा.

अडलेली मोटर बटण दाबून रेटू नका, ती जळते. हाताने फिरवायचे हँडल कायम सोबत ठेवा आणि पाय नीट टेकल्याशिवाय ट्रेलरखाली कोणालाही जाऊ देऊ नका.