हेडखाली काय लावायचं? सोलापूरच्या गॅरेजांची चाळीस वर्षं

सोलापुरात किर्लोस्कर फेरसच्या फाउंड्रीत इंजिनांची ओतकामं होतात, आणि 1992 मध्ये स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्समधून कॅमशाफ्ट देशोदेशी जातात. अशा शहरात जुन्या व्हॅनचं हेड गळू लागलं की मिस्त्री काय लावत आले, ते का बदलत गेलं आणि त्यातलं काय टिकलं, याचा हिशेब मांडावा असं बरेच दिवस मनात होतं.

सुरुवात मॅटाडोरपासून करावी लागते. ऐंशीच्या दशकात बजाज टेम्पोची ही गाडी सोलापूरच्या रस्त्यांवर सगळी कामं करायची. चादरी आणि टॉवेलचे गठ्ठे, लग्नाचं वऱ्हाड, अक्कलकोट, पंढरपूर, गाणगापूरचे यात्रेकरू. नवरात्रात खच्चून भरलेली मॅटाडोर तुळजापूरच्या घाटाला लागली की काटा लाल पट्टीकडे सरकायचा. एप्रिल-मे महिन्यांत तर सोलापूरचा पारा चाळीसच्या आसपास असतो, इंजिनाला गार व्हायला वावच नसतो. त्यात रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी. त्याचा क्षार पाण्याच्या वाटांत साचत जायचा आणि हेड एका बाजूने जास्त तापायचं.

तरीही ती इंजिनं बरंच सोसायची. पुढे कंपनीने मर्सिडीजच्या परवान्यावर ओएम 616 हे डिझेल इंजिन बनवायला घेतलं. त्याचा ब्लॉक बिडाचा आणि हेडही बिडाचंच. दोन्ही सारखेच फुगतात, सारखेच आकसतात. मधलं गॅस्केट अ‍ॅस्बेस्टॉसचं, जाड आणि दबणारं. थोडा खड्डा असला तर ते भरून काढायचं. म्हणून त्या काळातल्या मिस्त्रीच्या हाताशी शेलॅकची बाटली असायची आणि तेवढ्यावर काम भागायचं. शेलॅक म्हणजे झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. कागदाच्या, बुचाच्या पॅकिंगला ती उत्तम. काहीजण हेड गॅस्केटलाही दोन्ही बाजूंनी शेलॅक किंवा सिल्व्हर पेंटचा हात मारायचे. बिडावर ते खपून जायचं. माझ्या मते श्रेय मात्र शेलॅकचं नव्हतं, सपाट राहिलेल्या बिडाचं होतं.

रस्त्यावरचं औषध वेगळं, ते म्हणजे हळद. रेडिएटरला बारीक भोक पडलं की ड्रायव्हर मूठभर हळद पाण्यात टाकायचे. पूड पाण्याबरोबर फिरते, भोकाशी अडकते, फुगते आणि गळती थांबते. गाडी घरापर्यंत येते. हळदीला हसायचं कारण नाही, ती तिच्या जागी चोख काम करते. पण ती जागा रेडिएटरची. तिथला दाब झाकणाने बांधलेला असतो, जेमतेम एक बारच्या आसपास. हेड गॅस्केटच्या कड्याला दहनाचा दाब सोसावा लागतो, तो पेट्रोल इंजिनातसुद्धा पन्नास बारच्या घरात जातो. डिझेलमध्ये आणखी जास्त. या दोन आकड्यांमधलं अंतर ज्याला कळलं, त्याला सीलंट निवडण्याचं निम्मं शास्त्र कळलं.

1984 मध्ये मारुती व्हॅन आली, पुढे तिचं नाव ओम्नी झालं. 796 सीसी, तीन सिलिंडर, ब्लॉक बिडाचा पण हेड अ‍ॅल्युमिनिअमचं. अ‍ॅल्युमिनिअम तापलं की बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. म्हणजे गाडी चालू-बंद होताना दर वेळी हेड आणि ब्लॉक एकमेकांवर घासत सरकतात, आणि मधल्या गॅस्केटला हे सोसावं लागतं. एकदा इंजिन गरम मारलं की हेड वाकतं. शाळेच्या मुलांनी भरलेली ओम्नी पाणी संपल्यावरही पुढच्या थांब्यापर्यंत दामटली, की दुसऱ्या दिवशी डिपस्टिकवर दुधाळ ऑईल आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे. इथे जुनी सवय आडवी आली. बिडावर चाललेला शेलॅकचा हात अ‍ॅल्युमिनिअमवर चालेना. गॅस्केट बदलायचं, शेलॅक लावायचा, बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळायचे, आणि थोड्याच दिवसांत तेच हेड पुन्हा उघडायचं.

सुझुकीच्या या इंजिनात हेडचा पृष्ठभाग 0.05 मिलीमीटरहून जास्त वाकलेला चालत नाही. एवढं वाकणं डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही. स्ट्रेट एज आडवी-तिडवी ठेवून खाली फिलर गेज सरकवावं लागतं. ज्या मिस्त्रींनी ती पट्टी विकत घेतली, टॉर्क पाना घेतला, हेड लेथवाल्याकडे फेसिंगला पाठवायला सुरुवात केली, त्यांच्याकडचं काम परत येईना. या चाळीस वर्षांतला खरा बदल मला इथे दिसतो. सीलंट एकीकडे सुधारत गेले, आणि चांगला मिस्त्री ते हेडच्या फेसपासून दूर ठेवायला शिकत गेला.

नंतर दुकानांत सिलिकॉनच्या नळ्या आल्या. ही वस्तू खरोखर गुणी. ऑईल पॅन, टायमिंगकडची कव्हरं, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगचे कोपरे, अशा ठिकाणी ऑईल रोखायला तिच्याइतकं सोपं काही नाही. पण हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं. सोलापूरच्या उन्हाळ्यातली हवा कोरडी ठणठणीत, म्हणजे मुंबईत रात्रीत बसणारा थर इथे जास्त वेळ मागतो. गिऱ्हाईक घाई करतं, ऑईल लगेच भरलं जातं आणि ओला थर सुटतो. दुसरी खोड त्याहून वाईट. ‘थोडं जास्त लावलेलं बरं’ म्हणून जाड रेघ ओढली की निम्मं सिलिकॉन आत दाबलं जातं, त्याचा तुकडा तुटून ऑईलच्या जाळीत अडकतो आणि बेअरिंगं कोरडी पडतात. बाहेरचा ऑईलचा डाग पुसायच्या नादात इंजिन गेलेलं मी पाहिलं आहे.

सर्वांत शेवटी आल्या स्टॉप-लीकच्या बाटल्या. पाण्यात ओता, गाडी चालवा, हेड उघडायला नको. यातल्या अनेकांत सोडियम सिलिकेट असतं. पाण्यात विरघळलेलं हे द्रव्य गळतीच्या फटीत पुरेसं तापलं की त्यातलं पाणी उडतं आणि काचेसारखा थर उरतो. बारीक फटीवर तो काही काळ तगतो. पण अमेरिकेत 2009 साली जुन्या गाड्या मोडीत काढण्याची सरकारी योजना आली, तेव्हा ती इंजिनं पुन्हा कधी चालू होऊ नयेत म्हणून ऑईल काढून त्यांत हेच द्रव्य भरायचे. हेड गॅस्केट आतून फाटलेलं असेल तर पाण्यातलं सिलिकेट ऑईलमध्ये उतरायला वेळ लागत नाही. शिवाय ते फटीतच बसेल असं नाही, हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसतं. थोड्याच महिन्यांत भंगारात जायच्या गाडीला बाटली ओतायला माझी हरकत नाही. ज्या व्हॅनवर एखाद्या घराची रोजची कमाई चालते, तिच्यात ती ओतू नये, असं मी ठामपणे सांगेन.

2019 मध्ये ओम्नीचं उत्पादन थांबलं. उरलेल्या जुन्या व्हॅन अजून फिरतात आणि त्यांची हेडं अजून उघडली जातात. त्यातलं एक काम मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं, ते म्हणजे जुनं गॅस्केट खरवडणं. मॅटाडोरच्या काळातली गॅस्केटं अ‍ॅस्बेस्टॉसची होती, आणि ती पत्र्याने, तारेच्या ब्रशने कोरडीच खरवडली जायची. वर हवेचा फवारा. हे काम गॅरेजमधल्या सर्वांत लहान पोराच्या वाट्याला यायचं. अ‍ॅस्बेस्टॉस हाताळणाऱ्या कामगारांच्या आरोग्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये मान्य केला, पण तो खटला कारखान्यांचा होता. रस्त्याकडेच्या गॅरेजात कुणाची छाती तपासली गेली नाही. जुनं इंजिन उघडणाऱ्याने निदान एवढं करावं: गॅस्केट आधी पाण्याने किंवा डिझेलने भिजवावं, ओलंच काढावं, चोथा पिशवीत बांधावा, हवा मारू नये, आणि तोंडाला नुसता रुमाल न बांधता चांगला मास्क लावावा. पोराला तेवढा वेळ लांब बसवावं.