लाइट्स कुणाचे?

तिसरी घंटा होते. मोबाइल सायलेंटवर जातात, वेफर्सचं पाकीट शेवटचं एकदा कुरकुरतं आणि हॉलमधला उजेड हळूहळू विझत जातो. नाटकातला हा माझा सगळ्यात लाडका क्षण. पण हा उजेड कुणीतरी विझवत असतं, हे कॉलेजच्या एकांकिकेत मला डिमरवर बसवलं तेव्हा कळलं. नायिका पत्र वाचता वाचता थांबते, उजेड सावकाश उतरतो, असा क्यू होता. मी घाबरून सगळे फेडर एकदम खाली ओढले. मिट्ट काळोख! नायिका टेबलाला धडकली, हॉलमध्ये हशा. बक्षीस गेलं ते गेलंच.

तेव्हापासून नाटकाच्या जाहिरातीत ‘प्रकाशयोजना’ या शब्दापुढचं बारीक अक्षरातलं नाव मी आवर्जून वाचते. तुम्ही कधी वाचलंय?

कोल्हापुरातल्या हौशी नाटकांचे लाइट्स वर्षानुवर्षं करणारे एक काका आहेत. दिवसा नोकरी, रात्री तालमी. नाव छापायचं नाही या अटीवर बोलायला तयार झाले.

‘‘काका, चांगला लाइट म्हणजे नेमकं काय हो?’’

‘‘बग, नाटक सुटल्यावर लोक म्हणाले ‘लाइट लई भारी’, की समजायचं आपलं कायतरी चुकलंय.’’

मग चहाच्या गाड्यावरच क्लास सुरू. मोबाइलचा टॉर्च त्यांनी स्वतःच्या तोंडासमोर धरला. चेहरा सपाट, थेट आधार कार्डावरचा फोटो! टॉर्च हनुवटीखाली नेला, तर हॉरर फिल्म. डोक्यामागून वर धरला तेव्हा केसांना आणि खांद्यांना उजेडाची कड आली. तीच कड नटाला मागच्या दिवाणखान्याच्या भिंतीपासून सोडवते. चेहऱ्यासाठी साधारण ४५ अंशांतून, दोन्ही बाजूंनी लाइट टाकायचा. एकीकडे उबदार रंगाचा जिलेटिन पेपर, दुसरीकडे थंड. ही पद्धत अमेरिकेतल्या येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३२ च्या पुस्तकात मांडली. काका ती एका सीनियर लाइटवाल्याच्या हाताखाली शिडी धरून शिकले. पुस्तकाचं नावही त्यांनी माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं.

हॅलोजनचा विषय निघाला आणि काका एकदम हळवे झाले. १००० वॉटचा दिवा डिमरवर उतरवत गेलं की तो तांबूस होत होत विझतो, संध्याकाळ आपोआप तयार होते. एलईडी वीज वाचवतो, रंग म्हणाल तो देतो. पण तो तांबूसपणा त्याला वेगळा शिकवावा लागतो. (मला दोन्ही आवडतात. काकांसमोर हे बोलले नाही.)

तसं लाइटचं वेड आपल्याकडे जुनंच. तमाशा तर पलित्यांच्या उजेडात रंगायचा. आणि तापस सेन! १९५९ मध्ये कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरमध्ये उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’ नाटकात त्यांनी नुसत्या प्रकाशानं कोळशाच्या खाणीत पाणी भरून दाखवलं. पाण्याचा एक थेंब न वापरता.

पण असलं काही करून बघायला आधी थिएटर लागतं. कोल्हापूरच्या हौशी मंडळींचं ते होतं केशवराव भोसले नाट्यगृह. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी संगीतसूर्य केशवराव भोसले यांची जयंती होती. स्टेज गेलं, छप्पर गेलं, खुर्च्या गेल्या. टीव्हीवर ती दृश्यं बघून घराघरांत माणसं रडली.

काका सकाळी जाऊन बाहेर उभे राहिले. ‘‘अंधारात हात घालून कुठला लाइट कुठाय ते सांगायचो मी. स्पर्धेत नाटकाला एकच दिवस मिळतोय. सकाळी शिडी लावायची, संध्याकाळी प्रयोग. जागा पाठ नसंल तर काय करणार माणूस?’’

‘जसं होतं तसंच उभं करा’ ही मागणी लगेच झाली, सरकारनं पैसेही जाहीर केले. माझंही मत तेच. पण दगडी कमानी आणि दर्शनी भाग हुबेहूब झाला, म्हणजे नाट्यगृह झालं असं नाही. लाइटचे बार किती उंचीवर, प्रेक्षकांच्या डोक्यावरून चेहऱ्यावर लाइट टाकायची सोय कुठे, डिमरवाल्याला बसल्या जागेवरून अख्खं स्टेज दिसणार का, हे शिडीवर चढणाऱ्यांना विचारायला हवं.

‘‘तुम्हाला कुणी विचारलं का?’’

काकांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. बॉलपेननं काढलेलं स्टेज, त्यावर आडव्या रेघा, बाजूला फुटांचे आकडे. गाड्यावरच्या बाकावर तो पसरून ते मला एकेक रेघ समजावत बसले. चहा केव्हाच गार झाला होता.