कार्बनची सायकल आणि मुक्कामाचे ओझे

दुधाच्या किटल्या लटकावलेली पोलादी सायकल ज्यांच्या डोळ्यांसमोर आहे, त्यांना जेमतेम किलोभर वजनाच्या कार्बनच्या सांगाड्यावर मुक्कामाचे सामान लादणे हा अविचार वाटेल. परंतु जो सांगाडा सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाला दिवसभर खाचखळग्यांतून वाहून नेतो, त्याला आणखी सात-आठ किलो सहसा जड जात नाहीत, आणि खरा प्रश्न ते ओझे कोठे व कसे बांधले जाते हा असतो.

केसाहून बारीक कार्बनतंतूंचे थर राळेत, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट द्रव्यात, बसवून या सांगाड्याची नळी घडवलेली असते. तंतूंच्या दिशेने येणारा ताण ती सहज सोसते. मात्र भिंत काही जागी मिलिमीटरभरच जाड असल्याने एकाच ठिकाणी आवळणारा दाब तिला मानवत नाही, आणि पोलाद जेथे नुसते चेपले असते तेथे ती तडकते. म्हणून कॅरियरचे पाय पट्टीने नळीला आवळण्याची जुनी रीत येथे वर्ज्य आहे. कॅरियरसाठी आटे मुळातच नसतील, तर मागच्या आसावर भार टेकवणारे खास कॅरियर घ्यावे लागते किंवा पट्ट्यांनी बांधायच्या मऊ पिशव्या वापराव्या लागतात. या दुसऱ्या पद्धतीला बाइकपॅकिंग म्हणतात.

कॅनडातील बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत सुमारे ४,४०० किलोमीटर चालणाऱ्या ‘टूर डिव्हाइड’ शर्यतीत हीच पद्धत रुळली असून, तिच्यासाठी घडवलेल्या ‘सॅल्सा कटथ्रोट’ या कार्बनच्या सायकलीला पुढच्या चिमट्यावरही सामानासाठी आटे दिलेले आहेत.

पाणी आणि हत्यारे सांगाड्याच्या त्रिकोणात, हलके पण फुगीर अंथरूण हँडलला आणि कपडे सीटमागे, अशी मांडणी सोयीची ठरते. सीटमागची पिशवी सैल भरली की ती शेपटीसारखी डोलते आणि चढावर उभे राहून पायडल मारणे नकोसे होते. ओझ्यापेक्षाही घातक असते ती पट्टीखाली शिरलेली धूळ. ओली माती आणि बारीक वाळू पट्टीच्या प्रत्येक हालचालीबरोबर पॉलिश पेपरसारखी घासत राहते, आधी रंग आणि मग तंतूच झिजवते; त्यामुळे पट्टी जेथे टेकते तेथे पारदर्शक चिकटपट्टी आधीच लावणे हा या साऱ्या खटाटोपातला सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक टाळला जाणारा उपाय होय.

परतल्यावर पिशव्या सोडून सांगाडा धुवावा आणि संशयास्पद जागी नाण्याने हलकेच ठोकून पाहावे. आजूबाजूला टणक वाजणारी नळी तेवढ्याच जागी बद्द वाजली, तर आतले थर सुटले असण्याची शक्यता धरून ती जाणकाराला दाखवेपर्यंत सायकल भिंतीलाच टेकवून ठेवावी.