हवेच्या टाकीतील पाणी रोज काढावे

ट्रॅक्टरच्या चाकांत हवा भरणे व यंत्रे साफ करणे यांसाठी अनेक शेतकरी बंधू घरच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर ठेवतात. त्याच्या टाकीत पाणी कोठून येते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. 30 अंश सेल्सियस तपमानास 1 घनमीटर जागेत फार तर 30 ग्रॅमच्या आसपास बाष्प राहू शकते. 8 घनमीटर दमट हवा दाबून 1 घनमीटर केली व ती निवली, म्हणजे जादा बाष्पाचे पाणी होऊन तळाशी साचते. पावसाळ्यात ते अधिक साचते. त्यामुळे टाकी आतून गंजते, पत्रा झिजतो आणि टाकी फुटून प्राणहानीही होऊ शकते.

यास्तव पुढील दक्षता घ्यावी :

(1) काम संपताच यंत्र बंद करून दाब उतरवावा व तळची तोटी सावकाश उघडून सर्व पाणी काढावे.

(2) हवा आत घेणारी गाळणी स्वच्छ ठेवावी. यंत्र धूळ व भुशापासून दूर असावे.

(3) पाणी व तेल अडविणारी गाळणी टाकीपासून काही अंतरावर, हवा निवते तेथे बसवावी.

(4) गंजून झिरपणारी टाकी ठिगळ लावून वापरू नये; ती बदलावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही कृती शेतकऱ्यांस प्रत्यक्ष करून दाखवावी.