अठरा टीएमसी अक्षरं

भांडवल बघाल तर अगदीच फाटकं. अक्षरं चार: ए, सी, जी, टी. ना काना, ना मात्रा, ना वेलांटी. या चार अक्षरांत आपल्या पेशीतला ३१० कोटी अक्षरांचा ग्रंथ लिहिलेला आहे. त्यात प्रथिनं बनवण्याच्या कृती, म्हणजे जनुकं, साधारण २०,०००. पण मेंदूतल्या पेशीला यकृताच्या कृती कशाला हव्यात? म्हणून ज्या हव्यात तेवढ्यांच्याच चिठ्ठ्या पेशी उतरवून घेते. त्या चिठ्ठ्या म्हणजे आरएनए. एकेका पेशीत त्या दोन-तीन लाखांच्या घरात असतात. कोणत्या जनुकाच्या चिठ्ठ्या किती, हे मोजायचं तंत्र म्हणजे आरएनए सिक्वेन्सिंग. आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या अक्षरांचा ढीग उपसत संगणकापुढे बसलेला माणूस म्हणजे बायोइन्फर्मॅटिक्स सायंटिस्ट. शास्त्र एवढं पुरे. ढीग केवढा, ते बघू.

सुरुवात एका नमुन्यापासून. नेहमीच्या प्रयोगात यंत्र एका नमुन्यातले सुमारे ३ कोटी तुकडे वाचतं. प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांकडून, दीडशे-दीडशे अक्षरं. ३ कोटी गुणिले ३००. नऊशे कोटी अक्षरं! अख्ख्या ग्रंथाच्या जवळजवळ तिप्पट, आणि तीही चिमूटभर मांसातून.

सेकंदाला एक अक्षर या वेगाने वाचायला बसू. जेवण नाही, झोप नाही, दिवाळीची सुट्टी नाही. लागतील २८५ वर्षं. थोरले बाजीराव रावेरखेडीला गेले ते १७४० साली. त्या दिवशी पहिलं अक्षर उच्चारलेला माणूस २०२५ साली शेवटच्या अक्षराला पोचला असता. वाचण्याऐवजी छापू या. अक्षराला फक्त दोन मिलिमीटर जागा द्या. ओळ होते १८,००० किलोमीटरची. मुंबई-पुणे अंतर दीडशे किलोमीटर धरलं, तर जाऊन-येऊन साठ वेळा! नाही तर अक्षरागणिक पाण्याचा एक थेंब टाका. वीस थेंबांचा मिलीलिटर, म्हणजे साडेचार लाख लिटर. वीस फूट रुंद आणि पस्तीस फूट खोल अशी विहीर काठोकाठ भरेल आणि शेजारच्याची अर्धी.

हा झाला एक नमुना. तीन आजारी आणि तीन निरोगी, असा सहा नमुन्यांचा प्रयोग या क्षेत्रात लहानच समजतात. ५,४०० कोटी अक्षरं. जवळपास नऊ विहिरी.

आता हे ओकणारं यंत्र. इल्युमिना कंपनीचं नोव्हासेक एक्स प्लस. दोन फ्लो सेल, म्हणजे दोन काचपट्ट्या, आत सरकवायच्या आणि सुमारे दोन दिवस वाट बघायची. बाहेर पडतात १६ लाख कोटी अक्षरं. दर सेकंदाला सव्वानऊ कोटी! मानवी जनुकसंच पहिल्यांदा वाचायच्या प्रकल्पाला १९९० ते २००३ अशी तेरा वर्षं लागली. नुसत्या अक्षरसंख्येच्या हिशेबाने तेवढा ग्रंथ हे यंत्र ३४ सेकंदांत हातावेगळा करतं. आपल्या दोन मिलिमीटरच्या ओळीत बोलायचं तर वेग सेकंदाला १८५ किलोमीटर. ‘मुंबई’ म्हणेपर्यंत पुणे गेलं! १९३० पासून धावणारी आपली डेक्कन क्वीन पुण्याहून निघून सव्वातीन तासांत मुंबई गाठते. तेवढ्यात ही ओळ चंद्रावर जाऊन परत आलेली असते, पुन्हा जाऊन पुन्हा आलेली असते आणि तिसऱ्या फेरीत परतीच्या वाटेवर असते.

२००८ साली आरएनए सिक्वेन्सिंगचा गाजलेला शोधनिबंध आला, त्यात उंदराच्या मेंदू, यकृत आणि स्नायूंतले एकेका ऊतीमागे चार-पाच कोटी तुकडे मोजले होते, प्रत्येक जेमतेम २५ अक्षरांचा. तेव्हा लोक थक्क झाले होते. बिचारे.

बरं, अक्षरं नुसती आली म्हणून काय? प्रत्येक तुकडा ३१० कोटी अक्षरांच्या ग्रंथात नेमका कुठला, ते शोधायचं. दीडशे अक्षरांचे किती वेगवेगळे तुकडे होऊ शकतात? एकावर नव्वद शून्यं, आणि त्याची दुप्पट. दृश्य विश्वातले सगळे अणू एकावर ऐंशी शून्यांच्या आसपास सांगतात, त्यांच्या दोन हजार कोटी पट! भाबडेपणाने शोधायचं ठरवलं, प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं प्रत्येक जागी लावून बघायची, तर एका नमुन्यालाच सेकंदाला शंभर कोटी वेळा ताडून बघणाऱ्या संगणकाची सहा वर्षं जातील. त्यात आरएनएची खोड अशी की ग्रंथातला मधला मजकूर गाळून दोन टोकं जोडलेली असतात. एकाच तुकड्याचं डोकं ठाण्यात, पाय लोणावळ्यात. तरीही स्टार नावाची फुकट मिळणारी प्रणाली बारा कोअरच्या सर्व्हरवर तासाला टोकांच्या ५५ कोटी जोड्या जागेवर बसवते. (त्या जोड्यांत अक्षरं जवळजवळ निम्मीच होती, हे खरं.) म्हणजे तीन कोटींना तीन-चार मिनिटं. चहा निवत नाही. कसं जमतं ते स्टारला विचारा. आपण तिची मेमरीची भूक तेवढी लक्षात ठेवू. मानवी ग्रंथाची सूची उघडायलाच ३० जीबी लागतात.

एवढा खटाटोप करून हातात काय येतं? एक तक्ता. २०,००० ओळी, सहा रकाने, एक लाख वीस हजार आकडे. ५,४०० कोटी अक्षरं आत, एक लाख वीस हजार आकडे बाहेर. साडेचार लाख रुपये मोजून एक रुपया हातात यावा, तसं. आणि हा रुपयाही पारखून घ्यावा लागतो. प्रत्येक जनुकाला विचारायचं, आजारी आणि निरोगी माणसांत तू बदललास का? शंभरात पाच चुका चालतील असं म्हटलं, तर काहीही बदललेलं नसताना २०,००० पैकी हजार जनुकं छातीठोकपणे ‘हो’ म्हणतात. हजार! म्हणून १९९५ साली बेंजामिनी आणि हॉखबर्ग यांनी दिलेली गाळणी इथे रोज वापरतात. ती लावली की हजारांतले कधी दोनशे उरतात, कधी अकरा, कधी एकही नाही.

इथे माझं एक रोखठोक मत. या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा नऊशे कोटी नाही. तो आहे तीन. नऊशे कोटींची अठराशे कोटी अक्षरं केली, तरी तीन रुग्णांचे चार होत नाहीत. चांगला बायोइन्फर्मॅटिक्स सायंटिस्ट यंत्र सुरू व्हायच्या आधी हे सांगतो, बाकीचे नंतर.

एक्सेलची तर गोष्टच न्यारी. त्याच्या ओळी संपतात १०,४८,५७६ वर. आपल्या एका नमुन्यातले नुसते तुकडे तिथे मावायला २८-२९ शीट लागतील. वर ते ‘मार्च १’ नावाच्या जनुकाला तारीख समजून बसतं. शेवटी २०२० साली माणसांनीच हार मानून जनुकांची नावं बदलली.

आता एकेक पेशी सुटी करून मोजतात. ह्यूमन सेल अ‍ॅटलास या जागतिक उपक्रमात १० कोटींहून जास्त पेशी मोजून झाल्या आहेत. १० कोटी गुणिले २०,००० जनुकं, म्हणजे दोन लाख कोटी चौकटींचा तक्ता. त्यातल्या बहुतेक चौकटींत शून्य!

पण खरा कळस पुढेच आहे. जगभरच्या प्रयोगशाळांनी आपापल्या कामासाठी वाचलेली अक्षरं सार्वजनिक भांडारांत जमा होत असतात. सेराटस या प्रकल्पातल्या संशोधकांना वाटलं, या जुन्या ढिगात आरएनए विषाणू दडलेले असतील. त्यांनी ५७ लाख नमुने चाळले. कोणी माती तपासायला दिलेले, कोणी विष्ठा, कोणी समुद्राचं पाणी. अक्षरं १० लाख कोटी गुणिले हजार! सेकंदाला एक वाचत बसलात तर ३२ कोटी वर्षं. डायनोसॉर जन्मायच्या आधी सुरुवात करावी लागली असती. दोन मिलिमीटरची ओळ नेपच्यूनला मागे टाकून त्याच्या साडेचारपट दूर जाते. आणि थेंब? विहिरी विसरा, आता धरणांच्या भाषेत बोला. अठरा टीएमसी! पुण्याला पाणी पाजणाऱ्या खडकवासला साखळीतली चारही धरणं तुडुंब भरली की २९ टीएमसी होतात; त्यांच्या निम्म्याहून जास्त, थेंबाथेंबाने.

वेळ लागला ११ दिवस. खर्च सुमारे २४ हजार डॉलर, तेव्हाच्या दराने अठरा लाख रुपये. नमुन्यामागे पाच आणे! हाती लागले १ लाख ३० हजारांहून जास्त नवे आरएनए विषाणू. तोवर माहीत होते जेमतेम १५ हजार. २०२२ च्या जानेवारीत ‘नेचर’मध्ये ते छापून आलं. भागाकार करून बघा, एक नवा विषाणू चौदा रुपयांना. या भावात आज वडापाव मिळणं कठीण.

ती भांडारं आजही उघडी आहेत, त्यातला बराचसा माल फुकट आहे, आणि कॅलिस्टोसारखी प्रणाली साध्या मॅक संगणकावर ३ कोटी तुकड्यांची मोजदाद तीन मिनिटांच्या आत करते. नांदेडला बसून करा, नाही तर रत्नागिरीला. फक्त डाउनलोडचं बटण दाबण्याआधी हार्ड डिस्कवर जागा किती उरली आहे, ते बघून घ्या.